कर्ज मिटलं, रिपोर्टमधूनही मिटलं का?

अमेरिकेत चॅप्टर ७ खाली दिवाळखोरीचा अर्ज केला, की साधारण चार महिन्यांत बँकरप्सी कोर्टाचा एक छोटासा आदेश टपालाने घरी येतो. क्रेडिट कार्डं, हॉस्पिटलची बिलं, पर्सनल लोन अशी जी देणी माफीला पात्र आहेत, ती यापुढे तुमच्याकडून वसूल करता येणार नाहीत, असं त्यात म्हटलेलं असतं. हाच डिस्चार्ज. बहुतेक जण तो वाचतात, सुस्कारा सोडतात आणि कागद कपाटात ठेवून देतात. आपल्या मराठी घरांत तर त्यानंतर हा विषय निघतच नाही. मंडळातल्या कुणाला कळू नये एवढीच काळजी असते. मग दोन-तीन वर्षांनी गाडीसाठी नाहीतर घरासाठी लोन घ्यायला जावं, तर बँक नकार देते. कोर्टाने मिटवलेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकी म्हणून अजून तसंच उभं आहे, हे तेव्हा कळतं.

असं होतं, कारण कोर्ट क्रेडिट ब्युरोंना स्वतः काहीच कळवत नाही. कोर्टाची नोटीस जाते ती तुम्ही अर्जात ज्यांची नावं दिली त्या धनकोंना. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्युरोंना दिवाळखोरीची माहिती मिळते ती कोर्टाच्या सार्वजनिक नोंदी गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांकडून. एकेका खात्याचं पुढे काय झालं, हे मात्र त्या त्या बँकेने कळवायचं असतं. म्हणजे एकाच रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या वाटांनी माहिती येते. एका वाटेने ‘चॅप्टर ७, डिस्चार्ज’ ही ओळ येते. दुसऱ्या वाटेने येणारी दुरुस्ती बँकेने पाठवलीच नाही, तर त्याच कागदावर खाली ‘थकबाकी ६,४०० डॉलर’ असंही छापलेलं राहतं. या दोन ओळींचा मेळ घालणं कागदोपत्री बँकेचं आणि ब्युरोचं काम आहे. व्यवहारात ते तुम्हालाच करून घ्यावं लागतं.

आधी तिन्ही रिपोर्ट काढा

डिस्चार्जनंतर दोन-तीन महिने थांबा. बँका ब्युरोंना महिन्याच्या महिन्याला माहिती पाठवतात, त्यामुळे लगेच पाहिलेला रिपोर्ट जुनाच असण्याची शक्यता फार. त्यानंतर ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या संकेतस्थळावरून तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट घ्या. ते दर आठवड्याला फुकट मिळतात. कोविडच्या काळात सुरू झालेली ही सोय २०२३ पासून कायमची झाली आहे. मिळत्याजुळत्या नावाची बरीच संकेतस्थळं आहेत. ज्याने क्रेडिट कार्डचा नंबर मागितला, ते आपलं नव्हे असं समजा. फोनवरची स्कोअर दाखवणारी ॲप्स या कामाला पुरत नाहीत, कारण त्यांत पूर्ण रिपोर्ट नसतो आणि पुष्कळदा तिसरा ब्युरोही नसतो. तिन्ही रिपोर्ट तारखेसकट पीडीएफमध्ये जपून ठेवा. पुढे भांडायची वेळ आली तर ‘त्या दिवशी रिपोर्टमध्ये काय होतं’ याचा तुमच्याकडचा पुरावा तोच असेल.

सोबत कोर्टाचे दोन कागद हाताशी हवेत: डिस्चार्जचा आदेश आणि धनकोंची यादी असलेली परिशिष्टं. ती हरवली असतील तर कोर्टांच्या पेसर या ऑनलाइन व्यवस्थेतून काढता येतात. पानाला १० सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर पडतात. तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंतच असेल तर तेही माफ होतं.

आता एकेक खातं पाहा. डिस्चार्ज झालेल्या खात्यावर शिल्लक रक्कम शून्य हवी, थकीत रक्कम शून्य हवी आणि स्थितीच्या रकान्यात ‘डिस्चार्ज्ड इन चॅप्टर ७’ किंवा ‘इन्क्लुडेड इन बँकरप्सी’ असा शेरा हवा. अर्जाच्या तारखेनंतरच्या महिन्यांत ‘३० दिवस उशीर’, ‘६० दिवस उशीर’ अशा खुणा असता कामा नयेत. ‘चार्ज्ड ऑफ’, म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, असं लिहून पुढे रक्कम दाखवली असेल तर ते चूक आहे. मूळ बँकेने कर्ज एखाद्या कलेक्शन कंपनीला विकलं असेल, तर बँकेच्या ओळीत शून्य आणि कलेक्शन कंपनीच्या ओळीत पूर्ण रक्कम, असं पुष्कळदा आढळतं. कर्ज विकल्याने ते पुन्हा जिवंत होत नाही, त्यामुळे कंपनीच्या ओळीतही शून्यच हवं.

बरेच जण इथे एक चुकीची अपेक्षा धरून बसतात. डिस्चार्ज मिळाला म्हणून खातं रिपोर्टमधून गायब होत नाही. अर्ज करण्यापूर्वी जे हप्ते खरोखर चुकले, त्यांची नोंद खरीच आहे आणि ती राहू शकते. कायद्याने अशी वाईट नोंद हप्ते थकायला लागले तेव्हापासून साधारण ७ वर्षं राहते आणि दिवाळखोरीमुळे हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. काही कलेक्शन कंपन्या थकबाकीची मूळ तारीख हळूच पुढे सरकवतात, म्हणून ती तारीख तिन्ही रिपोर्टमध्ये ताडून पाहा. स्वतः दिवाळखोरीची नोंद चॅप्टर ७ साठी १० वर्षं राहते. ही १० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजायची, डिस्चार्जच्या नव्हे. तीन ते पाच वर्षं हप्ते भरून पूर्ण केलेल्या चॅप्टर १३ ची नोंद ब्युरो अर्जापासून ७ वर्षांनी काढून टाकतात. तुमचा खटला डिस्चार्जऐवजी डिसमिस झाला असेल, तर मात्र कर्जं जिवंत आहेत आणि या लेखातलं बरंचसं तुम्हाला लागू होत नाही.

काही देणी डिस्चार्जमध्ये येतच नाहीत. पोटगी, मुलांच्या पालनपोषणाचा खर्च, अलीकडच्या वर्षांचा आयकर, फसवणूक करून घेतलेलं कर्ज, आणि असह्य हलाखी वेगळी सिद्ध केल्याशिवाय शैक्षणिक कर्ज, ही देणी रिपोर्टमध्ये चालू दिसली तर ती चूक नव्हे. त्यावरून ब्युरोशी भांडण्यात दिवस घालवू नका.

आपल्या लोकांना आणखी एक भानगड भोवते. कुलकर्णी, जोशी, पाटील, देशपांडे या आडनावांची माणसं एकट्या न्यू जर्सीत किती असतील! त्यातून मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी नुसतं आद्याक्षर. आद्याक्षर आणि आडनाव सारखं, जुना पत्ता एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधला, एवढ्यावर दोघांच्या फाइली एकमेकींत मिसळल्या जातात. मग दुसऱ्याची दिवाळखोरी तुमच्या रिपोर्टमध्ये येते किंवा त्याचं जिवंत कर्ज तुमच्या नावावर दिसतं. नाव, जन्मतारीख, जुने पत्ते आणि नोकऱ्या हा रिपोर्टचा पहिला भाग म्हणूनच वरवर चाळून सोडू नये.

बँका दुरुस्ती का करत नाहीत

आळस हे एक उत्तर झालं. पण त्याहून कटू उत्तर न्यायालयांत पुढे आलेलं आहे. घर घ्यायला निघालेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ८०० डॉलरची जुनी थकबाकी अडकली, की कायद्याने देणं नसतानाही तो पुष्कळदा ती भरून मोकळा होतो. नोंद चुकीची राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे वेगळं सांगायला नको. न्यूयॉर्कच्या बँकरप्सी कोर्टात मोठ्या बँकांविरुद्ध चाललेल्या दाव्यांमध्ये नेमका हाच आरोप होता: डिस्चार्ज झालेली कर्जं विकायची, रिपोर्टमधला ‘चार्ज्ड ऑफ’ शेरा बदलायचा नाही, आणि लोक नाइलाजाने पैसे भरतील याची वाट पाहायची. २०१५ मध्ये बँक ऑफ अमेरिका आणि जेपी मॉर्गन चेस यांनी अशा नोंदी दुरुस्त करायचं मान्य केलं. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टातल्या सामूहिक दाव्यात २००८ साली तिन्ही ब्युरोंनी आपली पद्धत बदलायचं कबूल केलं होतं. चॅप्टर ७ चा डिस्चार्ज दिसला, की त्याआधीची बहुतेक कर्जं मिटली असं धरून नोंद करायची, असं ठरलं. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. पण कर्ज विकत घेणाऱ्या छोट्या कंपन्या आणि चॅप्टर १३ ची प्रकरणं या चाळणीतून अजूनही निसटतात.

तुमचा रिपोर्ट कोण पाहतंय?

रिपोर्टच्या शेवटी चौकशांची, म्हणजे इन्क्वायरींची यादी असते. ती कुणी वाचत नाही, आणि डिस्चार्जनंतर तर ती आवर्जून वाचायला हवी. तुमचा रिपोर्ट कुणीही, केव्हाही उघडावा असं कायद्यात नाही. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा १९७० चा कायदा रिपोर्ट पाहण्याची मोजकी कारणं देतो: तुम्ही कर्जासाठी अर्ज केलात, तुमचं खातं चालू आहे आणि बँक त्याचा आढावा घेते आहे, थकलेल्या कर्जाची वसुली करायची आहे, तुमच्या लेखी संमतीने नोकरी देणारा पाहतो आहे, विमा काढायचा आहे, आणि अशीच काही.

आता गंमत पाहा. कर्ज डिस्चार्ज झालं, खातं बंद झालं, शिल्लक शून्य. तरीही ती जुनी बँक किंवा कलेक्शन कंपनी दर दोन-तीन महिन्यांनी ‘अकाउंट रिव्ह्यू’ म्हणून तुमचा रिपोर्ट उघडत असेल, तर ती नेमक्या कुठल्या खात्याचा आढावा घेते आहे? वसूल करायला काही उरलेलं नाही आणि नातंही संपलेलं आहे. माझ्या मते अशा चौकशीला कारण उरत नाही आणि तिला लेखी हरकत घ्यावी. न्यायालयांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत, हेही सांगायला हवं. घर गहाण असेल आणि त्यावरचा बोजा शिल्लक असेल, तर बँकेला रिपोर्ट पाहायचं कारण उरतं असं मानलं जाऊ शकतं. शिवाय अशा चौकशीने तुमचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं, हाही प्रश्न विचारला जातो.

हरकत घेण्याआधी चौकशीचा प्रकार नीट पाहा. तुम्ही अर्ज केल्यावर होते ती हार्ड इन्क्वायरी. ती इतरांना दिसते, दोन वर्षं राहते आणि स्कोअर थोडा खाली आणते. आढावा आणि जाहिरातीसाठीच्या सॉफ्ट इन्क्वायरी फक्त तुम्हालाच दिसतात, त्यांनी स्कोअर हलत नाही. ‘प्रमोशनल’ असं लिहिलं असेल, तर बँकेने कार्डाची ऑफर पाठवण्यासाठी यादी मागवली होती एवढाच त्याचा अर्थ. ते कायदेशीर आहे. ऑफर नको असतील तर ऑप्टआउटप्रीस्क्रीन डॉट कॉमवर पाच वर्षांसाठी किंवा कायमच्या बंद करता येतात. जुन्या धनकोच्या नावाने तुम्ही अर्ज न करता झालेली हार्ड इन्क्वायरी दिसली, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तक्रार कुठे आणि कशी

या बाबतीत लोक जी चूक करतात ती महागात पडते. ते बँकेला फोन करतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘करून टाकतो’ म्हणतो आणि होत काहीच नाही. बँकेने चुकीची माहिती पाठवली म्हणून तिच्यावर दावा करायचा तुमचा हक्क केव्हा उभा राहतो? तुम्ही ब्युरोकडे लेखी तक्रार केली, ब्युरोने ती बँकेकडे पाठवली, आणि त्यानंतरही बँकेने नीट तपास केला नाही, तेव्हा. नुसत्या बँकेला पाठवलेल्या पत्राने हा हक्क मिळत नाही. तेव्हा बँकेला प्रत हवी तर जरूर पाठवा, पण मूळ तक्रार ब्युरोकडेच करा. तिन्ही ठिकाणी चूक असेल तर तिघांकडे वेगवेगळी.

ऑनलाइन तक्रार पटकन होते, पण तिथे ठरलेल्या पर्यायांत आपलं म्हणणं कोंबावं लागतं. मी पत्राच्या बाजूचा आहे. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा. पत्र एका पानाचं ठेवा: नाव, पत्ता, खटल्याचा क्रमांक, अर्जाची आणि डिस्चार्जची तारीख, खात्याचं नाव आणि शेवटचे चार आकडे, काय चूक आहे आणि काय असायला हवं. सोबत आदेशाची प्रत, परिशिष्टातलं त्या धनकोचं नाव असलेलं पान आणि रिपोर्टचं चुकीची ओळ अधोरेखित केलेलं पान जोडा. आपली करुण कहाणी लिहू नका. पत्र वाचणारा माणूस त्यातून दोन-तीन आकडी संकेत निवडून बँकेकडे पाठवणार असतो. ‘हे कर्ज अमुक तारखेला चॅप्टर ७ खाली डिस्चार्ज झालं, शिल्लक शून्य असायला हवी’ हे एक वाक्य त्याला पुरेसं असतं.

ब्युरोने ३० दिवसांत तपास पूर्ण करायचा असतो. मध्येच तुम्ही आणखी कागद पाठवले तर आणखी १५ दिवस मिळू शकतात, म्हणून सगळं पहिल्याच पाकिटात घाला. माहिती चूक ठरली किंवा तिची खातरजमा झाली नाही, तर ती दुरुस्त करावी किंवा काढावी लागते. काढलेली नोंद पुन्हा घातली, तर पाच कामकाजी दिवसांत तुम्हाला लेखी कळवावं लागतं. कधी कधी ‘कोर्टाकडून खातरजमा झाली’ असं उत्तर येतं. ते वाचून गप्प बसू नका, कारण कोर्ट ब्युरोंसाठी असली खातरजमा करून देत नाही.

उत्तर समाधानकारक नसेल तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती फुकट असते, आणि तिची प्रत संबंधित कंपनीकडे जाते.

घर, गाडी आणि न दिसणारे हप्ते

घराच्या आणि गाडीच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. डिस्चार्जने तुमची वैयक्तिक जबाबदारी जाते, पण मालमत्तेवरचा बोजा जात नाही. हप्ते थांबले तर बँक घर किंवा गाडी घेऊ शकते. उरलेल्या रकमेसाठी तुमच्या मागे लागू शकत नाही. म्हणून बरेच जण घर राखण्यासाठी पूर्वीसारखेच हप्ते भरत राहतात. समजा, एडिसनमधल्या एका जोडप्याने डिस्चार्जनंतर तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला. आता आपला स्कोअर सुधारला असेल, अशी त्यांची समजूत असते. रिपोर्ट उघडावा तर मॉर्गेजच्या ओळीत शून्य शिल्लक, डिस्चार्ज, आणि पुढे कोरं. त्यांनी कर्जाला दुजोरा देणारा करार, म्हणजे रिॲफर्मेशन ॲग्रीमेंट, केलेला नव्हता. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने त्यांच्यावर वैयक्तिक कर्जच नाही आणि हप्ते कळवायची गरजही नाही.

हे अन्यायाचं वाटतं, पण बेकायदा नाही. यावर उपाय म्हणजे हप्त्यांचा इतिहास बँकेकडून लेखी मागवून ठेवायचा आणि स्वतःच्या बँक स्टेटमेंटसह नव्या कर्जाच्या वेळी दाखवायचा. नुसत्या स्कोअरसाठी रिॲफर्मेशन करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. तसं केलं की माफ होणारं कर्ज पुन्हा डोक्यावर येतं, आणि उद्या नोकरी गेली तर चॅप्टर ७ चा पुढचा डिस्चार्ज आठ वर्षांनंतरच मिळतो. हा करार डिस्चार्जच्या आधीच व्हावा लागतो. केल्यावर मन बदललं, तर डिस्चार्ज मिळेपर्यंत किंवा करार कोर्टात दाखल झाल्यापासून ६० दिवसांत, यांपैकी जे नंतरचं असेल तोवर, तो रद्द करता येतो.

बायको, भाऊ, सांगलीतले आई-वडील

डिस्चार्ज फक्त अर्ज करणाऱ्याचा. कार्ड दोघांच्या नावावर असेल आणि अर्ज एकट्या नवऱ्याने केला असेल, तर बायकोचं देणं उभंच राहतं. तिच्या रिपोर्टमध्ये ते खातं चालू दिसणं बरोबर आहे. मात्र तिच्या नावापुढे दिवाळखोरीचा शेरा आला असेल तर तो चूक आहे आणि काढून घ्यावा. चुलतभावाने गाडीच्या लोनवर सही केली असेल तर त्याचीही स्थिती तीच. त्याला आधी सांगून टाका. बँकेच्या पत्रावरून कळण्यापेक्षा ते बरं.

भारतातल्या बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेऊन आलेल्या मुलांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवं. त्या कर्जावर सहकर्जदार म्हणून बहुधा आई किंवा वडील असतात. अमेरिकन कोर्टाचा आदेश त्यांची जबाबदारी मिटवत नाही. हप्ते थांबले तर त्यांच्या सिबिल अहवालात ते थकीत दिसणार. ट्रान्सयुनियन या एकाच नावामुळे काहींना वाटतं, की अमेरिकेतली दिवाळखोरी आपोआप सिबिलमध्ये उमटेल. दोन्ही देशांतल्या फाइली वेगळ्या आहेत, त्यामुळे तसं होत नाही.

आणखी एक, जरा बाजूची पण महत्त्वाची गोष्ट. पुण्यातला फ्लॅट, गावच्या शेतातला हिस्सा, भावाबरोबरचं सामाईक खातं, हे सगळं अर्जात दाखवावंच लागतं. मालमत्ता जगात कुठेही असली तरी. अर्जानंतर १८० दिवसांच्या आत वारसाहक्काने काही मिळण्याचा हक्क आला, तर तेही कळवावं लागतं. दडवल्याचं उघड झालं तर मिळालेला डिस्चार्ज रद्द होऊ शकतो. मग रिपोर्ट दुरुस्त करून घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

नवं कर्ज आणि जुने सापळे

सुरुवात सिक्युअर्ड कार्डाने करावी. दोन-तीनशे डॉलर ठेव ठेवायची, तेवढीच मर्यादा मिळते. त्यावर महिन्याचा पेट्रोलचा किंवा फोनचा खर्च टाकायचा आणि पूर्ण बिल वेळेवर भरायचं. फायकोच्या स्कोअरमध्ये हप्ते वेळेवर भरण्याचा वाटा सुमारे ३५ टक्के असतो आणि वापरलेल्या मर्यादेचा सुमारे ३०; म्हणून ३०० डॉलरच्या कार्डावर २८० डॉलरची खरेदी करून ठेवू नका. कार्ड तिन्ही ब्युरोंना कळवतं का, हे घेण्याआधीच विचारा.

घरासाठीचे नियम ठरलेले आहेत. एफएचए आणि व्हीए कर्जासाठी चॅप्टर ७ च्या डिस्चार्जपासून साधारण दोन वर्षं जावी लागतात. फॅनी मेच्या निकषांवरच्या नेहमीच्या कर्जासाठी चार. चॅप्टर १३ पूर्ण केलेल्यांना फॅनी मे डिस्चार्जपासून दोनच वर्षं थांबवते. या काळात तुमच्या रिपोर्टमध्ये जुनं खातं जिवंत दिसलं, तर मॉर्गेज देणारा ते नवं कर्ज समजतो आणि अर्ज अडकतो. म्हणून घर शोधायला लागण्याच्या निदान सहा महिने आधी रिपोर्ट स्वच्छ करून घ्या.

नकार आला तर नकाराचं पत्र फेकू नका. त्यात कुठल्या ब्युरोचा रिपोर्ट वापरला ते लिहिलेलं असतं आणि त्यावरून ६० दिवसांत त्या ब्युरोकडून फुकट रिपोर्ट मागता येतो. पुढे त्याचा आणखी मोठा उपयोग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ट्रान्सयुनियनविरुद्धच्या खटल्यात ८,१८५ जणांपैकी ज्यांचा चुकीचा रिपोर्ट प्रत्यक्ष दुसऱ्या कुणाकडे गेला होता, त्या १,८५३ जणांनाच त्या रिपोर्टबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आहे असं ठरवलं. तुमचा चुकीचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात पडला होता, हे नकाराचं पत्र सिद्ध करतं.

जानेवारी-फेब्रुवारीत जुनी बँक १०९९-सी हा फॉर्म पाठवू शकते आणि माफ झालेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवू शकते. घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. दिवाळखोरीत माफ झालेलं कर्ज करपात्र नसतं, पण त्यासाठी करविवरणासोबत फॉर्म ९८२ भरून जोडावा लागतो. तो न जोडल्यामुळे आयआरएसची नोटीस येते. आणि ‘दिवाळखोरीची नोंद महिन्यात काढून देतो’ म्हणून आधी पैसे मागणाऱ्या क्रेडिट रिपेअरवाल्यांना दारातूनच परत पाठवा. काम होण्याआधी पैसे घेणं त्यांना कायद्याने मना आहे, आणि खरी नोंद त्यांनाही काढता येत नाही. ते जे करतील ते तुम्ही टपालाच्या खर्चात करू शकता.

तक्रार करूनही नोंद तशीच राहिली, किंवा कुणी मिटलेल्या कर्जासाठी फोन करत राहिलं, तर ज्या वकिलाने तुमचा अर्ज केला त्याच्याकडे जा. डिस्चार्जचा आदेश मोडला गेला म्हणून जुना खटला पुन्हा उघडता येतो आणि या कारणासाठी उघडायची फी लागत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं आहे, की आपलं वागणं आदेशात बसतं असं म्हणायला धनकोला वाजवी आधारच नव्हता, तर त्याला अवमानाबद्दल जबाबदार धरता येतं. चुकीच्या नोंदीबद्दलचा दावा क्रेडिट रिपोर्टिंगच्या कायद्याखाली वेगळा होतो. चूक जाणूनबुजून केलेली असेल तर त्यात १०० ते १,००० डॉलर भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते. दावा जिंकल्यास फी समोरच्या पक्षाकडून मिळत असल्याने काही वकील अशी प्रकरणं आगाऊ पैसे न घेता चालवतात. मुदत मात्र ठरलेली आहे: चूक तुमच्या लक्षात आल्यापासून दोन वर्षं किंवा चूक घडल्यापासून पाच वर्षं, यांतलं जे आधी संपेल ते.